आधी लक्ष्य, मग लक्षण : वाग्गेयकार भातखंडे आणि नेतृत्वाचा प्रश्न

 

इथल्या तरुण कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला 'नेतृत्व'. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असा विषय देण्यात थोडा धोका असतो, तो त्यांनी पत्करला आहे. आम्ही त्यांना विचारलं, एखाद्या गाणं बांधणाऱ्या माणसाबद्दल बोललो तर चालेल का? क्षणभर शांतता पसरली. मग म्हणाले, चालेल. तेव्हा आज आपण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याबद्दल बोलणार आहोत.

पण त्याआधी ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत तिच्याबद्दल दोन शब्द. घोडनदीच्या काठी, याच गावाच्या शिवारात, डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं इथल्या जुन्या माणसांना माहीत असतील. सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती त्यांना सापडली. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक घर, त्याला लागून धान्याचं कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. अभ्यासकांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं. बघा, त्याचं नाव नाही, शिलालेख नाही, तलवार नाही. पुढारी ओळखला तो मुख्यतः घरावरून आणि घराशेजारच्या कोठारावरून. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : कोठार त्याचं होतं, की तो कोठाराचा होता? हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. भातखंड्यांच्या आयुष्यात तो फार वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो.

आता शब्दाचा एक खुलासा. पश्चिमेकडे 'कंपोझर' म्हणतात, तो कागदावर पूर्ण संगीत लिहितो आणि दुसरे ते वाजवतात. आपल्याकडचा जुना शब्द आहे वाग्गेयकार. 'वाक्' म्हणजे शब्द आणि 'गेय' म्हणजे स्वरात बसवलेलं, दोन्ही ज्याचं स्वतःचं तो वाग्गेयकार. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नेत्याचा ठरलेला दाखला म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संचालक. पीटर ड्रकर यांनीही तो वापरला आहे. एक माणूस हातात छडी घेऊन उभा, समोर शंभर वादक, सगळ्यांपुढे एकच लिखित संगीत. आमच्या मते हा दाखला आपल्या गावांना आणि आपल्या संस्थांना फारसा लागू पडत नाही. कारण आपल्याकडे अडचण अशी असते की सगळ्यांपुढे एकच कागद नसतोच. प्रत्येकाकडे आपापली चीज असते, आपापल्या आजोबांकडून आलेली, आणि प्रत्येकाला खात्री असते की खरी तीच. अशा ठिकाणी छडी घेऊन उभं राहून काय होणार? भातखंड्यांपुढे नेमकी हीच परिस्थिती होती.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म 10 ऑगस्ट 1860, मुंबईत वाळकेश्वरला, गोकुळाष्टमीचा. लहानपणी बासरी, मग सतार, शिक्षण चालू असतानाच. 1884 मध्ये पारशी मंडळींच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त शिरकाव झाला आणि तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून शेकडो धृपदं मिळाली. 1885 ला बी. ए., 1887 ला एलएल. बी. काही काळ कराचीला वकिली, मग मुंबई. 1900 साली पत्नी गेली. 1903 साली एकुलती एक मुलगी गेली. पुन्हा लग्न केलं नाही. वकिली हळूहळू बाजूला पडली आणि 1904 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस दक्षिणेच्या प्रवासाला निघाला. संकटं आली की माणूस प्रवासाला जातो, तीर्थयात्रेला जातो, हे आपण पाहतो. भातखंडे मंदिरांत गेले, देवदर्शनही केलं असेल, पण त्यांच्या रोजनिशीत भरलेले आहेत ते गवई, पंडित, ग्रंथालयं आणि प्रश्न.

प्रश्न हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्या काळी हिंदुस्थानी संगीताची अवस्था काय होती, ते जरा समजून घेऊ. एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जाई, आणि आपलीच तऱ्हा शुद्ध का, हे कोणाला सांगता येत नसे. रागांची वर्गवारी होती ती राग, रागिणी आणि पुत्र अशा कुटुंबाची. सहा पुरुष राग, प्रत्येकाला पाच-सहा बायका, मग मुलं, सुना. आता अमकी रागिणी अमक्या रागाची बायको का? स्वर जुळतात म्हणून? तसंही नाही. आजोबांनी सांगितलं म्हणून. एकीकडे संस्कृत ग्रंथ होते, ते वाचणाऱ्या पंडितांना गाता येत नव्हतं. दुसरीकडे गाणारे उस्ताद होते, त्यांतल्या बहुतेकांचा त्या ग्रंथांशी संबंध तुटलेला होता. दोघांच्या मध्ये विद्यार्थी उभा होता, आणि तो जर गवयाच्या घरात जन्मलेला नसेल तर वर्षानुवर्षं सेवा करूनही हातात दहा-पंधरा चिजा पडतील याची खात्री नव्हती.

भातखंडे प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्याजवळ प्रश्नांची यादी असे. वकील तो वकीलच! तुम्ही हा राग गाता, त्यात गांधार कोणता लागतो? चढताना वर्ज्य काय? याला आधार कोणत्या ग्रंथाचा? तो ग्रंथ तुम्ही पाहिला आहे का? 1904 ला दक्षिण, 1907 ला नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, 1908 ला अलाहाबाद, काशी, मथुरा, जयपूर, बिकानेर अशा बाजूला. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितर भेटले. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखींच्या 'चतुर्दंडिप्रकाशिके'चा शोध लागला, बहात्तर मेळांची व्यवस्था कळली. उत्तरेचे राग असेच स्वरांच्या पायावर लावता येतील, ही कल्पना तिथून पक्की झाली. पुढे त्यांनी बहात्तरांऐवजी दहा थाट घेतले. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. आज संगीताच्या पहिल्या परीक्षेला बसणारी पोर ही नावं पाढ्यासारखी म्हणते.

इथे आम्हाला आमच्या शास्त्राकडे यावं लागेल, कारण भातखंड्यांचं मोठेपण आम्हाला तिथे दिसतं. 1910 च्या सुमारास त्यांनी संस्कृतात जो ग्रंथ काढला त्याचं नाव 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. लक्ष्य आणि लक्षण हे न्यायशास्त्रातले शब्द. ज्या वस्तूची व्याख्या करायची ती वस्तू म्हणजे लक्ष्य, आणि व्याख्या म्हणजे लक्षण. संगीतात लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चाललेलं गाणं आणि लक्षण म्हणजे त्याचा नियम. लक्षणाचे तीन दोष नैयायिक सांगतात, आणि त्यांचा दाखला गाईचा आहे, तेव्हा इथे समजायला अडचण नाही. 'तांबूस असते ती गाय' म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ती. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं की म्हैसही आत आली, ही अतिव्याप्ती. 'एकच सलग खूर असतो ती गाय' म्हटलं तर एकही गाय उरत नाही, हा असंभव. तिन्ही दोष कळतात कशावरून? गोठ्यात जाऊन गाय पाहिल्यावर. गाय न बघता व्याख्या केली की तीपुढे खरी गायही खोटी ठरते.

भातखंड्यांच्या काळात ग्रंथवादी मंडळी असंच करत होती. ग्रंथात असं लिहिलं आहे, तेव्हा गाणारा चुकतो. भातखंड्यांनी ग्रंथ त्यांच्यापेक्षा जास्त वाचले होते, हस्तलिखितं मिळवून छापलीही होती, तरी निर्णय देताना त्यांनी उलट क्रम घेतला. सर्वांत मोठं उदाहरण शुद्ध सप्तकाचं. उत्तरेच्या जुन्या ग्रंथांतलं शुद्ध सप्तक पाहिलं तर ते आजच्या काफीच्या जवळ जातं. पण भातखंडे ज्यांना ऐकत होते ते सगळे गवई 'सा रे ग म' शिकवायला सुरुवात करत ती बिलावलच्या स्वरांनी. पाटण्याच्या महंमद रझांनी 1813 साली 'नग्मात-ए-आसफी'त बिलावलच शुद्ध धरला होता. मग काय करायचं? ग्रंथांचा मान राखून देशभरच्या गवयांना सांगायचं की तुमचं मूळ सप्तक चूक? भातखंड्यांनी बिलावल स्वीकारला. शेकडो वर्षांच्या संस्कृत परंपरेत मुरलेल्या माणसाने हा निर्णय घ्यावा, याला आमच्या मते धैर्य लागतं. बंडखोरीपेक्षा वेगळं धैर्य. ज्याच्या पाठांतराचा आपल्याला अभिमान आहे, त्याच्याच विरुद्ध साक्ष मान्य करण्याचं.

आता कार्यकर्ते मंडळींनी आम्हाला क्षमा करावी, पण आम्ही आयुष्यभर समित्यांत बसलो आहोत. अभ्यासक्रम ठरवायची एक समिती आठवते. कोणत्या संस्थेची ते सोडा. तीन बैठका झाल्या, मसुदा झाला, आणि वर्गात प्रत्यक्ष कोण बसतं, ते कुठून येतं, काय वाचू शकतं, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आलाच नाही. गावाकडेही वेगळं नसतं. योजना आधी येते, तिच्यात बसेल असं गाव मागून शोधतात.

भातखंडे रचनाकार होते ते याच वृत्तीतून. त्यांनी 'लक्षणगीत' हा प्रकार फार कसाने हाताळला. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात ते बांधलं त्याच रागाचा नियम शब्दांत सांगणारी बंदिश. वादी कोणता, संवादी कोणता, कोणता स्वर टाळायचा, केव्हा गायचा, हे सगळं त्याच रागाच्या चालीत. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि पाठ करता करता वस्तूच त्याच्या गळ्यात उतरते. लक्ष्य आणि लक्षण एका श्वासात! तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला याचा हेवा वाटतो. 'सत्य' या शब्दाची व्याख्या आम्ही तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिली, पण ती लिहिताना ते वर्गात अवतरल्याचा अनुभव काही आला नाही.

या रचनांवर मुद्रा येते ती 'चतुर'. संस्कृत ग्रंथही 'चतुरपंडित' या नावानं. आणि गंमत बघा, मराठीत त्यांनी 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'चे चार भाग लिहिले, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात. त्यात गुरू जेव्हा चतुरपंडिताचं मत सांगतो, तेव्हा तो जणू कोणी तिसराच विद्वान आहे अशा थाटात सांगतो. प्लेटोनेही आपलं बरंचसं तत्त्वज्ञान सॉक्रेटिसाच्या तोंडी घातलं आणि स्वतः संवादांत कधी बोलला नाही. दोघांनाही बहुधा हे कळलं होतं की नव्या मताला मालकाचं नाव चिकटलं की लोक मताशी न भांडता मालकाशी भांडतात.

आता कोठाराकडे येऊ.

चिजा मिळवणं हे काम प्रश्न विचारण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. आज आपल्याला वाटतं, चीज म्हणजे गाणं, गाणं शिकवायला काय हरकत? पण खानदानी गवयाच्या घरी जमीन नसे, दुकान नसे. दरबारची नोकरी राजाच्या मर्जीवर. मुलाच्या हाती द्यायला त्याच्याजवळ होत्या त्या चिजा. त्या सगळ्यांना माहीत झाल्या की मुलाची किंमत संपली. दोन एकरांच्या शेतकऱ्याला कोणी म्हणालं की तुमचा सातबारा सर्व गावाच्या नावे करू, विद्या वाढेल, तर तो काय म्हणेल? उस्तादांना नुसतं कंजूष म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही.

भातखंड्यांनी काय केलं? जयपूरच्या महंमद अली खाँ 'कोठीवाल' यांच्या घराण्याकडून, त्यांच्या आशिक अली आणि अहमद अली या मुलांकडून, त्यांनी मोठा साठा मिळवला. या घराण्याचं नावच 'कोठीवाल' असावं, हा योगायोग आम्हाला मोठा मजेदार वाटतो. त्यासाठी फोनोग्राफही वापरला, ज्या काळात मोठमोठे गवई त्या यंत्रापुढे गायला कचरत. रामपूरला तानसेनाच्या परंपरेचं संगीत होतं, नबाब हमीद अली खाँ स्वतः जाणकार, पदरी वझीर खाँसारखा बीनकार. तिथे प्रश्नांची यादी घेऊन जाऊन भागणार नव्हतं. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या, देशभर ग्रंथकार म्हणून नाव झालेल्या माणसानं रामपूरचं शिष्यत्व पत्करलं. समोरच्याच्या जगात विद्या ज्या दाराने दिली जाते, त्याच दाराने, मान खाली घालून आत गेला. नेतृत्वाच्या शिबिरांत हे शिकवत नाहीत.

आणि जे मिळालं ते सगळं त्यांनी बाहेर काढलं. 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग, अठराशेच्या आसपास रचना, स्वरलिपीसह. स्वरलिपीही किती साधी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. साध्या छापखान्यात खिळे जुळवता येतील अशी. शाळेतला मुलगा दोन दिवसांत शिकेल अशी. पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेलं कोठार उघडलं आणि किल्ली सर्वांना दिली.

इथे आम्हाला एक गोष्ट खटकते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. 'पद्धती'च्या चर्चेत उस्तादांचे उल्लेख येतात. पण विद्यार्थी ज्या पुस्तकावरून गातो त्या 'क्रमिक'मध्ये चीज छापलेली असते, ती कोणाच्या घरातून आली हे तिच्याखाली साधारणपणे नसतं. स्वतःचं नाव झाकणं हा विनय झाला, त्याबद्दल आपण त्यांना नमस्कार करतो. परंतु देणाऱ्याचं नाव झाकायची मुभा त्या विनयातून मिळत नाही. ते नाव आपलं नसतं. हेतू शुद्ध होता, काम अफाट होतं, आणि छापलं नसतं तर त्यातल्या कितीतरी बंदिशी त्या म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेल्या असत्या, हे सगळं मान्य. आमचा कौल भातखंड्यांच्या बाजूनेच पडतो. तरी पुढाऱ्याने सार्वजनिक कामासाठी जे घेतलं, ते ज्यांनी दिलं त्यांचं काय झालं, हा प्रश्न कौल दिल्यानंतरही उभा राहतो. धरणाखाली जमीन दिलेली माणसं या सभेत असतील तर त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

परिषदांची हकीकत आम्ही लवकर उरकतो, कारण परिषदा सगळीकडे सारख्याच असतात. मार्च 1916 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. उस्ताद आणि पंडित एका मांडवात आले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. श्रुतींवरून जोरदार वाद झाला. सांगलीचे कृ. ब. देवल आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट्स साहेब यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली होती, भातखंड्यांना ती मान्य नव्हती. पुढे 1918 ला दिल्ली, 1919 ला काशी, मग लखनौला दोन परिषदा. सर्व देशासाठी एक संगीत अकादमी व्हावी, ही त्यांची मोठी आकांक्षा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. संस्थानिकांकडून वचनं आली, पैसा आला नाही. जे साधलं ते तुकड्यांनी. ग्वाल्हेरला 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय निघालं. त्यासाठी माधवराव शिंद्यांनी आपल्याकडचे जाणते गवई मुंबईला भातखंड्यांकडे पाठवले, त्यांत राजाभैया पूछवाले होते. मुरलेल्या गवयाने पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं, याला शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याचं मन मोठं लागतं. आणि 1926 मध्ये लखनौला विद्यालय निघालं. त्याला नाव दिलं गेलं संयुक्त प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचं. भातखंड्यांचं नाव त्या संस्थेला लागलं ते त्यांच्या मागे, आणि आज ते विद्यापीठ आहे.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी घटना. श्रीकृष्ण रातंजनकर नावाचा मुलगा. अकरा-बारा वर्षांचा असताना भातखंड्यांकडे आला. बुद्धी तल्लख, गळा चांगला, स्वरलिपी मुखोद्गत. कोणत्याही गुरूला वाटेल की हा आपला वारस, याला जपून ठेवावा. भातखंड्यांनी 1917 च्या सुमारास त्याला बडोद्याला पाठवलं, आग्रा घराण्याच्या फैयाझ खाँसाहेबांचा गंडा बांधायला. कारण उघड होतं. मैफलीतलं जिवंत गाणं, ती आलापी, ती बोलांची फेक, पुस्तकातून येत नाही, आणि ती भातखंडे स्वतः देऊ शकत नव्हते. ज्या माणसानं सारं गाणं पुस्तकात आणलं, त्याला पुस्तकाची हद्द कुठे संपते हे नेमकं ठाऊक होतं. पुढे 1928 पासून रातंजनकरांनी लखनौचं विद्यालय कित्येक वर्षं चालवलं. सुमती मुटाटकर, चिदानंद नगरकर, के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी ही त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं. रातंजनकर स्वतः मोठे वाग्गेयकार झाले. भातखंड्यांच्या पद्धतीत वाढूनही त्यांचं गाणं पद्धतीसारखं कोरडं झालं नाही, याचं श्रेय बडोद्याच्या त्या निर्णयाला आहे असं आम्ही मानतो.

आपण त्यांचा देव करायला नको. त्यांची जीभ तिखट होती. ज्यांनी नीट उत्तर दिलं नाही त्यांच्याबद्दल रोजनिशीत त्यांनी जे लिहिलं, ते वाचताना आपण कोर्टात बसलो आहोत आणि साक्षीदार घामाघूम झाला आहे असं वाटतं. उलटतपासणीने सत्य निघतं, पण माणसं दुरावतात. आपल्याच महाराष्ट्रात, त्याच काळात, दुसरे विष्णू होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणं सामान्य घरांत नेलं. एक कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचे चिरंजीव, गळ्याचे धनी. एक वाळकेश्वरचे, वकील, लेखणीचे धनी. दोघांचं ध्येय शेजारशेजारचं, पण स्वरलिपी दोन झाल्या, त्या झाल्याच. आजही एखाद्या मुलीची क्लासच्या बाई बदलली की तिला रेघा आणि टिंबं नव्याने शिकावी लागतात. दोन कर्तबगार माणसं एकत्र न बसल्याची किंमत नेहमी तिसराच कोणी भरतो.

आणि दहा थाटांचं काय झालं? अहीर भैरव घ्या. कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, शुद्ध धैवत, कोमल निषाद. हे स्वर दहांपैकी एकाही थाटात जसेच्या तसे बसत नाहीत. मग तो भैरव थाटात घालतात, अंग भैरवाचं म्हणून. अशी गाय गोठ्याबाहेर राहिली की नैयायिक काय म्हणेल, ते मघाशी आपण पाहिलं. त्याला अव्याप्ती म्हणतात. भातखंड्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांच्या दृष्टीने थाट म्हणजे पसारा आवरायला केलेले कप्पे होते. पण पुढच्या पिढ्यांनी कप्प्यांचं शास्त्र केलं आणि शास्त्राची प्रश्नपत्रिका. 'थाट किती? नावे लिहा. गुण पाच.' ज्या माणसाने आयुष्यभर लक्ष्य आधी आणि लक्षण मागून ठेवलं, त्याच्याच नावाने आपण पोरांना लक्षण आधी पाठ करायला लावतो, आणि राग ऐकला नाही तरी पास करतो. अनुयायांना उत्तरं सांभाळायला सोपी जातात. प्रश्न सांभाळायचे म्हणजे पुन्हा आगगाडीत बसून एट्टयपुरमला जायला लागतं!

1933 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. पुढची तीन वर्षं अंथरुणावर गेली. देशभर फिरलेला माणूस मुंबईत एका खोलीत पडून होता, आणि 'क्रमिक'चे शेवटचे भाग अजून छापून यायचे होते. 19 सप्टेंबर 1936 ला, गणेशचतुर्थीच्या दिवशी, ते गेले. ते भाग त्यांच्या मागून आले. हस्तलिखितं तयार होती, स्वरलिपी वाचू शकणारी माणसं तयार होती, तेव्हा काम थांबण्याचं कारण उरलं नव्हतं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. मघापासून मागच्या रांगेत एका मुलाचा हात वर आहे. त्याला आधी विचारू द्या.